नायट्रेट की ब्युटिरेट? जुन्या टिश्यूच्या विमानाला कोणता डोप लावावा

डोप म्हणजे मॉडेल विमानाच्या कागदी आवरणावर ते ताठ करायला मारायचं वार्निशसारखं द्रावण; नायट्रेट आणि ब्युटिरेट हे त्याचे दोन प्रकार. बाटलीत दोन्ही डोप सारखेच दिसतात: पातळ, पारदर्शक, नाकात झोंबणारे. जुनं बाल्सा-टिश्यूचं (हलक्या बाल्सा लाकडाच्या सांगाड्यावर पातळ टिश्यू कागद ताणलेलं) मॉडेल शोकेससाठी दुरुस्त करताना इथेच गफलत होते, आणि ती लगेच कळतही नाही. दोन-तीन महिन्यांनी पंख पिळवटतो, नाहीतर ठिगळाची कड पापुद्र्यासारखी सुटते.

नायट्रेट म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. तो लाकडाला आणि टिश्यूला घट्ट धरतो, आकसतो तोही बेताने. पण ग्लो इंजिनाच्या (मॉडेल विमानातल्या छोट्या इंजिनाच्या) मिथेनॉलयुक्त इंधनाने विरघळतो. ब्युटिरेट (सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट) त्या इंधनापुढे टिकतो, म्हणून इंजिनवाल्या मॉडेलांवर तोच जास्त सापडतो. मात्र कोऱ्या लाकडाला तो तितका चिकटत नाही आणि लावून झाल्यावरही बराच काळ आकसत राहतो. दीड-दोन मिलिमीटरच्या काड्यांचा सांगाडा हा ताण सोसत नाही. शोकेसमध्ये इंधनाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे आमची पसंती सरळ नायट्रेटला.

पण आधी जुन्या विमानावर काय आहे ते पाहा. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतो. ब्युटिरेटवर नायट्रेट नीट धरत नाही, पुढे तडकून सुटतो. रबराच्या पिळावर उडणारं मॉडेल असेल तर बहुधा नायट्रेट. पॉलिश पेपरने घासल्यावर खवट लोण्यासारखा वास आला तर ब्युटिरेट. तरी शंका राहिली तर पंखाच्या मुळाशी, झाकल्या जाणाऱ्या जागी, वरचा थर हलका घासून मिथेनॉलचा एक थेंब कापसाच्या काडीने टेकवा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर नायट्रेट. थर घासायचा कारण नायट्रेटवर इंधनरोधक वार्निश मारलेलं असू शकतं. मिथेनॉल विषारी असतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. तुकडा जाळून पाहण्यात अर्थ नाही, टिश्यू कोणत्याही डोपखाली भुर्रकन जळतो.

ब्युटिरेट निघाला तर ठिगळही ब्युटिरेटनेच लावा, किंवा त्या भागाचं आवरण लाकडापर्यंत काढून नायट्रेटपासून सुरुवात करा.

ठिगळ लावताना जुन्या टिश्यूवर पाणी फवारू नका. जीर्ण कागद ताणाने शेजारीच फाटतो. नवा टिश्यू आधी लाकडी चौकटीवर चिकटवून, पाणी फवारून, वाळवून आकसवून घ्या. मग भोकापेक्षा चहूबाजूंनी ३ मिमी मोठा तुकडा कापा. कागदाच्या तंतूंच्या रेषा जुन्या टिश्यूच्या दिशेनेच येऊ द्या, नाहीतर ठिगळ उजेडात उठून दिसतं. पंखाच्या सांगाड्यातल्या दोन फासळ्यांमधला (आडव्या पट्ट्यांमधला) अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर तो अख्खा काढून फासळीवरच जोड द्या.

नायट्रेट त्याच्याच थिनरने निम्मेनिम्म पातळ करा आणि ३० मिली मिश्रणात एरंडेल तेलाचे ४-५ थेंब घाला, म्हणजे थर लवचिक राहतो. मऊ ब्रशने तीन पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये किमान तासाभराचं अंतर ठेवून.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हे काम काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि डोप दुधाळ पांढरा पडतो. तसं झालंच तर कोरड्या दिवशी थिनरचा एक हलका हात फिरवा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो.

नायट्रेटचा धोका एकच, पण मोठा: आग. जुन्या चित्रफिती ज्या पदार्थाच्या असत, तोच हा पदार्थ. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फितींचा मोठा साठा जळून गेला. त्यामुळे स्वयंपाकघरात काम नको, खोलीत निरांजन किंवा उदबत्तीही नको. डोपने भिजलेल्या चिंध्या बाहेर पसरून वाळवा.

शेवटचा हात दिल्यावर पंख सपाट पाटावर, कडांखाली बाल्साच्या पट्ट्या देऊन, टाचण्यांनी रात्रभर दाबून ठेवा. मॉडेल काचेत ठेवा, पण उन्हात नको. उन्हाने नायट्रेट पिवळा पडतो आणि टिश्यू ठिसूळ होतो.