उत्तर मुंबई: नाव एक, मतदारसंघ वेगवेगळे

नारायण काजरोळकर, कृष्ण मेनन, मृणाल गोरे, राम नाईक, गोविंदा, पीयूष गोयल. उत्तर मुंबईच्या खासदारांची यादी अशी एका ओळीत मांडली जाते आणि तिच्यावरून ‘बालेकिल्ला’, ‘परंपरा’ वगैरे निष्कर्ष काढले जातात. ही ओळच मुळात दिशाभूल करते. नाव साधारण तेच राहिलं, पण त्याखालची जमीन निदान तीनदा बदलली.

१९५२ मध्ये मुंबईत लोकसभेचे तीन मतदारसंघ होते: शहर दक्षिण, शहर उत्तर आणि उपनगर. आजच्या उत्तर मुंबईचं मूळ शोधायचं तर ते या तिसऱ्यात शोधावं. तिथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या. ‘शहर उत्तर’ म्हणजे शहराचाच वरचा भाग, आणि तो द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर काजरोळकरांना १,३८,१३७ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १,२३,५७६ मतं पडली. सर्वसाधारण जागेवर विठ्ठल गांधी जिंकले. समाजवादी अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं असूनही ते पडले, कारण उरलेली जागा राखीव होती. बाबासाहेबांचा हा पराभव ‘उत्तर मुंबई’च्या खाती टाकताना बोरिवली-दहिसरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे विसरलं जातं.

महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वतंत्र उपनगर मतदारसंघ संपला. ‘उत्तर’ हे नाव उपनगरांवर सरकलं आणि तिथे काँग्रेसने कृष्ण मेनन यांना आणलं. १९६२ ची त्यांची आचार्य कृपलानींविरुद्धची लढत देशभर गाजली. दोनच महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता आणि मेनन संरक्षणमंत्री होते. ते १ लाख ४५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

१९६७ मध्ये उपनगरांचे दोन तुकडे झाले, वायव्य आणि ईशान्य. रेल्वेच्या पश्चिम आणि मध्य मार्गांनी उपनगरं आधीच दोन अंगांना वाढलेली असल्यामुळे ही विभागणी स्वाभाविक होती. काँग्रेसने तिकीट नाकारलेले मेनन ईशान्येतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. नुकतीच स्थापन झालेली शिवसेना बर्वेंच्या बाजूने होती. निकालानंतर काही दिवसांतच बर्वेंचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. या काळात ‘उत्तर मुंबई’ नावाचा मतदारसंघ नव्हताच.

तो पुन्हा अवतरला १९७७ मध्ये, १९७१ च्या जनगणनेवर झालेल्या फेररचनेनंतर. मुंबईच्या जागा पाचाच्या सहा झाल्या आणि पश्चिम मार्गाचा वरचा टप्पा वेगळा निघाला, वसईसह. गोरेगावच्या पाणीप्रश्नावर नाव झालेल्या मृणाल गोरे इथून लोकसभेत गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात’ ही घोषणा तेव्हाचीच.

पुढची तीन दशकं सीमा जागच्या जागी राहिल्या, माणसं मात्र वाढत गेली. ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागा गोठवल्या होत्या. इकडे ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप, गोराई, मालवणीत सेवायुक्त (रस्ते, पाणी, गटारांची सोय असलेल्या) भूखंडांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि दहिसरपर्यंत इमारती चढल्या. विधानसभेतही शहर १७, उपनगर १७ अशी बरोबरी २००४ पर्यंत टिकली. दक्षिणेतल्या मतदाराच्या मताचं वजन उपनगरातल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. भाजपचे राम नाईक १९८९ पासून सलग पाच वेळा जिंकले ते याच फुगत गेलेल्या मतदारसंघात. लोकल प्रवाशांचे प्रश्न हा त्यांच्या राजकारणाचा कणा होता, आणि इथल्या मतदाराचा निम्मा दिवस गाडीत जातो हे पाहता तो योग्यच होता.

२००४ मध्ये काँग्रेसच्या गोविंदाने त्यांना ४८,२७१ मतांनी हरवलं. याला नुसता सिनेमाचा विजय म्हणणं आळशीपणाचं आहे. वसई तेव्हा याच मतदारसंघात होती आणि तिथले स्थानिक नेते हितेंद्र ठाकूर यांची ताकद गोविंदामागे होती.

२००८ च्या फेररचनेत वसई पालघरला गेली. मुंबईच्या विधानसभेच्या जागा शहर १०, उपनगर २६ अशा झाल्या. जुन्या बोरिवली, कांदिवली, मालाडच्या जागी स्थूलमानाने बोरिवली (क्रमांक १५२), दहिसर (१५३), मागाठाणे (१५४), कांदिवली पूर्व (१६०), चारकोप (१६१) आणि मालाड पश्चिम (१६२) आले. वसई गेल्यावर भाजपला जागा सोपी व्हायला हवी होती. तरी २००९ मध्ये नाईक काँग्रेसच्या संजय निरुपम यांच्याकडून ५,७७९ मतांनी हरले, कारण मनसेने सुमारे १ लाख ४७ हजार मतं घेतली. २०१४ मध्ये भाजपचे गोपाळ शेट्टी ४,४६,५८२ मतांनी जिंकले. तेव्हा ‘बालेकिल्ला’ हा शब्द वापरायचाच असेल तर २०१४ पासून वापरावा.

तुलना करायचीच असेल तर २००९ नंतरच्या निवडणुकांचीच आपसांत करावी. त्यासाठी नमुना २०, म्हणजे निवडणुकीचं अंतिम निकालपत्रक, घ्यावा. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात आणि विधानसभा क्षेत्रागणिक बेरजा मिळतात. २००४ चे आकडे जोडायचे तर आधी वसई वजा करावी लागते, आणि तरीही मालाडचा हिशेब पुरता जुळत नाही. आणखी एक चूक वारंवार होते: सहा क्षेत्रांच्या बेरजेत टपाली मतं नसतात, ती शेवटी वेगळी मिळवावी लागतात. शेजारच्या वायव्य मुंबईत २०२४ मध्ये यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले.