वर्ड प्रोसेसरमधील ग्रीक व हिब्रू मजकूर

ग्रीक व हिब्रू लिप्यांतील मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप करताना, साठवताना, दुसऱ्या संगणकावर उघडताना व छापताना त्यातील प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक चिन्ह योग्य क्रमाने व योग्य जागी दिसावे, यासाठी करावी लागणारी तांत्रिक व्यवस्था. आधुनिक ग्रीक किंवा हिब्रू वर्तमानपत्राचा मजकूर आज कोणत्याही संगणकावर विनासायास दिसतो. अडचण येते ती अभिजात ग्रीक वाङ्मय, बायबल आणि यहुदी धर्मग्रंथ यांच्या अभ्यासकांना, कारण त्यांच्या मजकुरात अक्षरांभोवती चिन्हांची दाटी असते आणि त्यांतले एक चिन्ह हलले तरी शब्द बदलू शकतो.

ग्रीक वर्णमालेत २४ अक्षरे असून ती डावीकडून उजवीकडे लिहिली जातात, त्यामुळे ती रोमन लिपीइतकीच सोपी वाटते. परंतु जुन्या, म्हणजे पॉलिटॉनिक, लेखनपद्धतीत शब्दारंभीच्या स्वरावर ह-काराचे अस्तित्व किंवा अभाव दाखवणारे श्वासचिन्ह, आघाताच्या तीन चिन्हांपैकी एक, दोन स्वर सुटे उच्चारायचे असल्यास दोन टिंबे आणि काही स्वरांखाली आयोटा या अक्षराचे बारीक रूप असा सरंजाम असतो. एकाच स्वराला यांतली तीन चिन्हे एकदम लागू शकतात. ग्रीसने १९८२ मध्ये एकच आघातचिन्ह ठेवणारी मोनोटॉनिक पद्धत स्वीकारली. त्यानंतर ठरलेल्या आयएसओ ८८५९-७ या, प्रत्येक अक्षराला संगणकातील संकेत ठरवून देणाऱ्या प्रमाणकात जुन्या चिन्हांना जागाच मिळाली नाही.

हिब्रूची गुंतागुंत निराळी आहे. तिच्यात २२ व्यंजने उजवीकडून डावीकडे लिहिली जातात आणि काफ, मेम, नून, पे व त्सादी या पाच अक्षरांचे शब्दान्ती वेगळे रूप होते. स्वर दाखवणारी निकुद चिन्हे आणि पठणाचे चढउतार दाखवणारी तआमीम चिन्हे मासोरेत, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या, पंडितांनी सुमारे सातव्या ते दहाव्या शतकांत सिद्ध केली. आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत गॅलिली सरोवराकाठच्या टायबेरियास येथील आहे. ही चिन्हे व्यंजनाच्या खाली, वर आणि पोटातही बसतात. आयएसओ ८८५९-८ या हिब्रूच्या प्रमाणकात केवळ व्यंजने होती. विंडोज-१२५५ या मायक्रोसॉफ्टच्या संकेतसंचात स्वरचिन्हे आली, पठणचिन्हे मात्र तेथेही नव्हती.

ही उणीव अभ्यासकांनी फॉन्टच्या युक्तीने भरून काढली. रोमन अक्षरांच्या जागी ग्रीक किंवा हिब्रू आकार बसवलेला फॉन्ट तयार करायचा आणि नेहमीच्या कळफलकावर टाइप करायचे, अशी ती युक्ती होती. सिम्बॉल या फॉन्टमध्ये लॉगॉस हा ग्रीक शब्द उमटवण्यासाठी एल, ओ, जी, ओ आणि शेवटच्या सिग्मासाठी कॅपिटल व्ही अशा कळा दाबाव्या लागत. पडद्यावर सुबक ग्रीक शब्द दिसे. फाइलमध्ये मात्र ग्रीक असे काहीच नसे, त्या पाच रोमन अक्षरांचेच संकेत असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ती पाच अक्षरे उघडी पडत. सुपरग्रीक, एसपी-आयोनिक अशा फॉन्टांची कळरचना परस्परांशी जुळत नसल्यामुळे एका फॉन्टमधील प्रबंध दुसऱ्यात नेता येत नसे. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमधील जुना मजकूर उघडल्यावर दिसणाऱ्या निरर्थक रोमन अक्षरांचे मूळही हेच आहे.

हिब्रूच्या बाबतीत या युक्तीने आणखी एक दोष निर्माण केला. डावीकडून उजवीकडेच चालणाऱ्या वर्ड प्रोसेसरमध्ये हिब्रू सरळ दिसावे म्हणून अक्षरे उलट क्रमाने टाइप केली जात. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या वचनातील 'बरेशीत बारा एलोहीम' हे तीन शब्द असे उलटे टाइप केले, तर एका ओळीत मावतात तोवर सर्व ठीक दिसते. समास थोडा बदलून ओळ मोडली, की साठवणीत पहिला असलेला एलोहीम हा शब्द वरच्या ओळीत राहतो आणि वचनाचा आरंभ करणारा बरेशीत खालच्या ओळीत जातो. प्रत्येक ओळीत अक्षरे सरळ दिसत असल्यामुळे हिब्रू न जाणणाऱ्या मुद्रितशोधकाच्या नजरेतून ही चूक हमखास सुटते.

अक्षराचा आकार व अक्षराची ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाणकाने, सर्वत्र रुजवले. ग्रीक संकेतांचा गट षोडशमान पद्धतीतील ०३७० पासून, हिब्रूचा ०५९० पासून आणि देवनागरीचा ०९०० पासून सुरू होतो. पॉलिटॉनिक ग्रीकची तयार जोडरूपे १९९३ च्या १.१ आवृत्तीत आणि हिब्रू पठणचिन्हे १९९६ च्या २.० आवृत्तीत समाविष्ट झाली. हिब्रूची शब्दान्तरूपे आणि ग्रीकचा शब्दान्त सिग्मा यांना स्वतंत्र संकेत आहेत. अरबीप्रमाणे जागा पाहून रूप निवडण्याचे काम येथे फॉन्टकडे नसते. म्हणून योग्य सिग्मा टाइप करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या कळफलकाची राहते.

एकच ग्रीक अक्षर दोन प्रकारे साठवता येते, हा यातील कटकटीचा भाग आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येणाऱ्या 'एन आर्खी' या शब्दांतला अंत्य स्वर घेऊ. तो ईटा असून त्याच्यावर वक्र आघात व खाली आयोटा आहे. हा स्वर एका तयार संकेताने लिहिता येतो, किंवा मूळ ईटा आणि त्यामागून दोन सुटी चिन्हे अशा तीन संकेतांनीही लिहिता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसली तरी साधा शोध एकावरून दुसरे गाठेलच असे नाही. यावर उपाय म्हणून संपूर्ण मजकूर सामान्यीकरण या प्रक्रियेने एका रूपात आणतात.

ग्रीकला उपकारक ठरणारे हे सामान्यीकरण हिब्रूला मात्र काही ठिकाणी बाधते. युनिकोडने प्रत्येक हिब्रू चिन्हाला एक वर्गांक दिला आहे व सामान्यीकरणात चिन्हे त्या अंकांच्या चढत्या क्रमाने लावली जातात. बायबलमध्ये येरुशलाइम हे नगरनाम बहुतेक ठिकाणी शेवटच्या मेमआधीचे योद गाळून लिहिलेले आहे. त्यामुळे लामेद या एकाच अक्षराखाली आधी पतह आणि मग हिरिक अशी दोन स्वरचिन्हे येतात. पतहचा वर्गांक १७ व हिरिकचा १४ असल्याने सामान्यीकरणानंतर हिरिक पुढे येतो आणि 'लाइ'चा 'लिआ' होतो. एकदा प्रसिद्ध झालेले वर्गांक बदलायचे नाहीत असे युनिकोडचे धोरण आहे. म्हणून या दोन चिन्हांच्या मध्ये कम्बाइनिंग ग्राफीम जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह घालून क्रम टिकवतात. एवढ्या पवित्र नावासाठी अशी पाचर मारावी लागावी हे प्रमाणकातले वैगुण्यच म्हणायला हवे, परंतु पाचर पक्की आहे.

संकेत बरोबर असले तरी ते नीट मांडण्यासाठी सक्षम फॉन्ट लागतो. बरेशीत या शब्दात सहा व्यंजने आणि पठणचिन्ह वगळून पाच चिन्हे, म्हणजे अकरा संकेत आहेत. त्यांतले शीनवरचे टिंब आणि त्याखालचा हिरिक कोणत्याही क्रमाने आले तरी ते आपापल्या जागी बसवणे हे फॉन्टमधील ओपनटाइप नियमांचे, म्हणजे चिन्हांची जागा ठरवणाऱ्या सूचनांचे, आणि ते राबवणाऱ्या प्रणालीचे काम आहे. जॉन हडसन यांनी घडवलेला एसबीएल हिब्रू व हिब्रू बायबलच्या स्टुटगार्ट येथील चिकित्सक आवृत्तीच्या वळणाचा एझ्रा एसआयएल हे फॉन्ट बायबलच्या हिब्रूसाठी, तर व्हिक्टर गॉल्टनी यांचा जेन्टियम आणि डेव्हिड पेरी यांचा कार्डो हे पॉलिटॉनिक ग्रीकसाठी विश्वसनीय असून सामान्य अभ्यासकाला ते विनामूल्य मिळतात. फॉन्टमध्ये एखादे जोडरूप नसेल तर वर्ड प्रोसेसर ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेतो आणि एकाच शब्दात दोन वळणांची अक्षरे दिसतात. हे ग्रीकमध्ये विशेष खटकते.

हिब्रूची पुढची अडचण दिशेची. युनिकोडच्या द्विदिशा नियमांनुसार प्रत्येक संकेताला दिशा असते. विरामचिन्हांची दिशा मात्र शेजाऱ्यांवरून ठरते. त्यामुळे मराठी वाक्यात स्वल्पविरामाने जोडलेले दोन हिब्रू शब्द उजवीकडून वाचावे लागतात. अंकांच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे. हिब्रू शब्दापुढे आंतरराष्ट्रीय अंकांत वचनक्रमांक लिहिला तर तो शब्दाच्या डावीकडे उडी मारतो. देवनागरी अंकांना मात्र युनिकोडमध्ये अक्षरांसारखीच डावीकडून उजवीकडे अशी पक्की दिशा असल्यामुळे ते उजवीकडेच राहतात. आंतरराष्ट्रीय अंकच वापरायचे असतील तर हिब्रू शब्दानंतर डावीकडून उजवीकडे अशी दिशा सांगणारे अदृश्य दिशाचिन्ह घालावे लागते.

मराठी मजकुराशेजारी हिब्रू छापण्याची परंपरा जुनी आहे. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी वल्हांडण सणाचा विधी सांगणारा हग्गादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला, आणि पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. खिळ्यांच्या काळात प्रत्येक लिपीचा खण वेगळा असे. वर्ड आणि लिबरऑफिस यांत मात्र ग्रीक हे रोमनच्या कप्प्यात, तर हिब्रू व देवनागरी दोन्ही 'कॉम्प्लेक्स' लिप्यांच्या एकाच कप्प्यात पडतात. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी आणि हिब्रू या दोहोंसाठी प्रणालीच्या भाषाविषयक पर्यायांत एकच खूण चालू करावी लागे, ती याच कारणाने. परिणामी मराठी दस्तऐवजाला देवनागरी फॉन्ट लावला की त्यातल्या हिब्रूलाही तोच लागू होतो. त्यात हिब्रू अक्षरे नसल्याने भलताच फॉन्ट उसना येतो व स्वरचिन्हे सरकतात. यासाठी हिब्रूची स्वतंत्र अक्षरशैली तयार करून तिच्यात फॉन्ट, आकार आणि भाषा हे तिन्ही नमूद करावे व प्रत्येक हिब्रू शब्दाला ती शैली द्यावी. हस्तलिखित मुद्रकाकडे देताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत सोबत जोडावी, म्हणजे येरुशलाइममधील लामेदखालची दोन चिन्हे छापील पानाशी ताडून पाहता येतात.