डिके आणि गहू: दुष्काळाची अर्धवट गोष्ट

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, सिलिॲकची (गव्हासारख्या धान्यामुळे आतड्याला इजा होणारा आजार) मुलं सुधारू लागली आणि बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा दोष कळला, अशी गोष्ट सर्रास सांगतात. ऐकायला छान, पण अर्धवट.

हेगच्या बालरुग्णालयात डिके १९३० च्या दशकातच अशा मुलांचा गहू बंद करून पाहत होते. त्या आहारावरचा त्यांचा लेख १९४१ चा, म्हणजे दुष्काळाआधीचा. दुष्काळाने संशयाला बळ दिलं, इतकंच.

खरा पुरावा उभा राहिला नंतर: गहू द्यायचा, काढायचा आणि दरवेळी मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजायची; आतडं बिघडलं की न शोषलेली चरबी तिथे वाढते. किळसवाणं काम, म्हणूनच कदाचित गोष्टीतून गळलं! त्यावरचा प्रबंध १९५० मध्ये उट्रेख्तला सादर झाला.