जर्मन सामाजिक लोकशाही व साम्यवाद : विसाव्या शतकातील संबंध

एकाच मार्क्सवादी कामगार चळवळीतून निघालेल्या या दोन जर्मन प्रवाहांनी विसाव्या शतकाचा बराचसा काळ परस्परांशी झगडण्यात घालवला. पुढे सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (एसपीडी) या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेची उभारणी १८७५ मध्ये गोथा येथे झाली आणि १९१२ मध्ये ११० जागा मिळवून तो राइशटागमधील, म्हणजे जर्मन संसदेतील, सर्वांत मोठा पक्ष ठरला. क्रांती की सुधारणा हा वाद पक्षात जुनाच होता. पक्ष दुभंगला तो मात्र पहिल्या महायुद्धामुळे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी संसदीय गटाने युद्धकर्जांना संमती दिली. डिसेंबरमध्ये पुढील कर्जांच्या वेळी एसपीडीचेच सदस्य कार्ल लीबक्नेख्त यांनी एकट्यानेच विरोधी मत नोंदवले. युद्धविरोधकांनी १९१७ मध्ये वेगळा पक्ष काढला आणि १९१८ सरताना बर्लिनमध्ये कम्युनिस्ट पक्षाची (केपीडी) स्थापना झाली.

जानेवारी १९१९ मधील बर्लिनचा उठाव मोडण्यासाठी एसपीडीच्या एबर्ट यांच्या सरकारातील गुस्टाव्ह नोस्के यांनी फ्रायकोर, म्हणजे जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या स्वयंसेवी तुकड्या, वापरल्या. १५ जानेवारीला सैनिकांनी केपीडीचे नेते लीबक्नेख्त व रोझा लक्झेंबर्ग यांना पकडून ठार मारले आणि लक्झेंबर्ग यांचा मृतदेह लांडवेअर कालव्यात फेकला. युद्धकर्जांवरील मतदान कदाचित विसरले गेले असते, पण या हत्या साम्यवादी कामगार कधीच विसरले नाहीत.

तरीही वैर अटळ नव्हते. १९२० मध्ये उजव्या गटाचे काप यांचा बंडाचा प्रयत्न सार्वत्रिक संपाने हाणून पाडला, १९२३ मध्ये सॅक्सनी व थुरिंगियात दोन्ही पक्षांची संयुक्त सरकारे अल्पकाळ टिकली आणि माजी राजघराण्यांची मालमत्ता विनामोबदला जप्त करावी या मागणीसाठी २० जून १९२६ च्या सार्वमतात दोघे एकत्र लढले. मागणीच्या बाजूने सुमारे १ कोटी ४५ लाख मते पडली. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट असल्याने ती फेटाळली गेली.

१९२८ नंतर कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या, धोरणानुसार केपीडी सोशल डेमोक्रॅट्सना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणू लागली. १ मे १९२९ रोजी बर्लिनमध्ये मिरवणुकांवरील बंदी मोडणाऱ्यांवर एसपीडीचे पोलीसप्रमुख त्स्योर्गीबल यांच्या पोलिसांनी गोळीबार केला. वेडिंग व नॉयकोल्न या कामगार वस्त्यांत पुढील दिवसांत तिसांहून अधिक लोक मेले आणि साम्यवाद्यांच्या आरोपाला जणू पुरावाच मिळाला. फुटीला सामाजिक बाजूही होती, आणि केवळ मॉस्कोकडे बोट दाखवणारे विवेचन ती नजरेआड करते : मंदीत एसपीडी प्रामुख्याने नोकरी टिकलेल्या, कामगार संघटनांतील कामगारांचा पक्ष राहिली, तर केपीडी बेकारांचा पक्ष बनली. एकाच चाळीत राहणाऱ्यांचे हितसंबंधही त्यामुळे वेगळे झाले. नोव्हेंबर १९३२ मध्ये एसपीडीला १२१ व केपीडीला १०० जागा मिळाल्या, नाझींना १९६. पण या बेरजेला राजकीय अर्थ उरला नव्हता. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ओटो वेल्स यांच्या नेतृत्वाखाली एसपीडीच्या ९४ सदस्यांनी मत दिले, तेव्हा साम्यवादी सदस्यांना सभागृहात प्रवेशच नव्हता. नंतर छळछावण्यांत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकत्र कोंडले गेले.

या अनुभवामुळे १९४५ नंतर ऐक्याची ओढ खरीखुरी होती. पूर्व जर्मनीचा ताबा असलेल्या सोव्हिएत प्रशासनाने मात्र ते दडपणाने घडवले. ३१ मार्च १९४६ रोजी पश्चिम बर्लिनमधील एसपीडी सदस्यांच्या मतदानात सुमारे ८२ टक्क्यांनी तातडीचे विलीनीकरण नाकारले, पण त्याच मतपत्रिकेवर सहकार्याच्या बाजूनेही बहुमत दिले. सोव्हिएत विभागात मतदान थांबवण्यात आले. एप्रिलमध्ये आडमिराल्सपालास्ट नाट्यगृहाच्या रंगमंचावर केपीडीचे विल्हेल्म पीक व एसपीडीचे ओटो ग्रोटेव्होल यांनी दोन बाजूंनी येऊन हस्तांदोलन केले आणि समाजवादी एकता पक्ष (एसईडी) जन्मला. पक्षपदांची समान वाटणी १९४९ मध्ये रद्द झाली. विरोध करणारे अनेक सोशल डेमोक्रॅट तुरुंगात गेले.

पश्चिम जर्मनीत एसपीडीचे नेते कुर्ट शूमाखर यांनी विलीनीकरणाला कडवा विरोध केला. तेथे १९५६ मध्ये केपीडीवर न्यायालयीन बंदी आली आणि १९५९ च्या गोडेसबर्ग कार्यक्रमाने एसपीडीने मार्क्सवादी भूमिका सोडली. एसपीडीचे चान्सलर (सरकारप्रमुख) विली ब्रांट यांच्या पूर्वाभिमुख धोरणाने पूर्व जर्मन राज्याशी व्यवहार सुरू झाला. त्यांच्याच कार्यालयातील पूर्व जर्मन हेर पकडला गेल्यावर १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९८७ मध्ये एसपीडी व एसईडी यांनी विचारप्रणालींच्या वादावर संयुक्त निवेदन काढले. ७ ऑक्टोबर १९८९ रोजी श्वांटे गावात पूर्व जर्मनीतील स्वतंत्र सोशल डेमोक्रॅटिक पक्ष पुन्हा स्थापन झाला, तर एसईडीच्या वारस पक्षासोबत, पीडीएससोबत, एसपीडीने राज्य पातळीवरील पहिले आघाडी सरकार १९९८ मध्ये मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न येथे बनवले.