हापूसचा मोहोर आणि कोकणातले कोरडे महिने

कोकण म्हटलं की पाऊस डोळ्यांसमोर येतो, पण इथल्या आंब्याचं भवितव्य ठरतं ते पाऊस थांबल्यावर. जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो आणि मग मेअखेरपर्यंत कातळ तापत राहतो. बहुतेक बागांना पाण्याची सोय नाही. या कोरड्या काळात कोणती जात कशी वागते, यावरच इथल्या बागायतीचा इतिहास घडला आहे.

मोहोर येतो तो पक्व काडीवर. ऑक्टोबरात बागेत फिरताना शेंड्याकडे पाहावं: पानं गडद हिरवी आणि कडक असतील, तर थंडी पडताच शेंड्याचा डोळा, म्हणजे कळी, फुगतो. पण तिथे तांबूस, लुसलुशीत पालवी लोंबत असेल, तर ती काडी तयार व्हायला वेळ लागणार, मोहोर लांबणार किंवा त्या वर्षी चुकणार. हापूसची खोड हीच. एका साली भरभरून धरला की पुढच्या साली तो पालवीतच रमतो. दक्षिणेकडचा नीलम मात्र दरवर्षी फळतो.

पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधायची पद्धत रुजली, म्हणून हापूस जसाच्या तसा टिकला आणि किनाऱ्याने वर सरकला. गुणांबरोबर ही खोडही कलमातून पिढ्यान्‌पिढ्या आली. जुन्या बागांत सोबतीला पायरी आणि रायवळ असत. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कातळमाळ लागवडीखाली आले, आणि ते बहुतांशी एकट्या हापूसचे. यात फार मोठं नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. हापूसला स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही, शेजारी दुसऱ्या जातीची कलमं लागतात.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आली. वाढ मध्यम, दरवर्षी फळ, आणि हापूसला छळणारा साका, म्हणजे गरात होणारा पांढरट स्पंजासारखा भाग, नाही. तिचाच हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. केसरचं मूळ सौराष्ट्रातलं. तिथल्या कोरड्या हवेतला हा आंबा पुढे मराठवाड्यात चांगला रुळला. हापूसला मात्र किनाऱ्यापासून दूर तीच चव धरता येत नाही.

या सगळ्यात शेतकऱ्याने जात बदलली नाही, झाडाचं वेळापत्रक बदललं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन आलं. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कल्टार’ म्हणतात. पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, खोडाभोवती मुळांच्या कक्षेत ते द्यायचं. झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, कमी होतं, पालवीचा जोर ओसरतो, मोहोर लवकर आणि दरसाल येतो. पण वर्षाआड विसावा घेणारं झाड दरवर्षी फळतं, तेव्हा त्याला शेणखत आणि इतर खतंही त्या मानाने द्यावी लागतात. ती न देता कल्टारची मात्रा वाढवत गेलं की फांद्या आखूड राहतात, मोहोराचे घट्ट गुच्छ होतात आणि झाड थकतं.

लवकर मोहोरासाठी इतका खटाटोप होतो, कारण मार्चच्या पहिल्या पेट्यांना भाव मिळतो. रत्ना चवीला उत्तम असूनही बाजारात हापूसच्या नावाचा दर तिला मिळत नाही. म्हणून ती आजही बहुतेक बागांत बांधावरच्या चार-दोन कलमांपुरती आहे.