पायाच्या शिरेत इंजेक्शन घेण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डात पाठीवर हळदीची पोती वाहणारे हमाल असोत की दिवसभर उभ्यानं गिऱ्हाईक सांभाळणारे दुकानदार, पिंढरीवर निळ्या, गाठाळ शिरा फुगलेले कितीतरी पाय तिथं दिसतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘मिरजेला दाखवा, हल्ली इंजेक्शननं काम होतं.’ होतं खरं. पण ते कसं होतं, हे पेशंटला कळायलाच हवं.

या इंजेक्शनच्या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. त्यात पोलिडोकॅनॉलसारखं औषध शिरेच्या आतल्या अस्तराला मुद्दाम इजा करतं. भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद पडते आणि हळूहळू शरीरात जिरते. मोठ्या शिरेसाठी औषधात साधारण चौपट हवा घुसळून फेस करतात.

सर्रास होणारा त्रास म्हणजे डाग. अडकलेल्या रक्तातलं लोह त्वचेत उतरतं आणि शिरेच्या रेघेवर तपकिरी पट्टा उमटतो. बहुतेकांचा वर्षभरात फिका होतो, काहींचा राहतो. लग्नाच्या मुलीला हे आधी सांगितलं नाही, तर तो अन्यायच. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी मरून जखम होऊ शकते. चुकून धमनीत गेलं तर नुकसान फार मोठं. क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून आधी डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, हवी. पूर्वी गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर न विचारताही सांगावं. गरोदरपणी हा उपचार पुढं ढकलतात.

फेसाची गोष्ट आणखी निराळी. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात, दोन वरच्या कप्प्यांमध्ये, जन्मापासूनचं बारीक छिद्र उघडं राहिलेलं असतं. त्यातून बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. काहींना थोडा वेळ अंधुक दिसतं, अर्धशिशी उठते. पक्षाघात अगदी विरळा, पण झालेला आहे.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढं पेशंटला कळल्यावरच संमती खरी. टेबलावर झोपवून इंग्रजी फॉर्म पुढं करत ‘मावशी, इथं सही करा’ म्हणणं त्यात बसत नाही. ‘माझ्या पायाला यातलं काय होऊ शकतं? स्टॉकिंग, म्हणजे पाय आवळून धरणारे मोजे, किती दिवस घालायचे?’ हे आदल्या भेटीतच, मराठीत विचारावं.

घरी गेल्यावर एकच पाय सुजून ठणकू लागला, छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा नजर गेली, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जावं आणि शिरेत इंजेक्शन घेतल्याचं आधी सांगावं.