लेकरू परत ‘सन्माननीय व्यासपीठ’पासूनच का सुरू करतं?

१७ सप्टेंबरला सकाळी मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की भाषणं सुरू होतात. दुसरी-तिसरीतलं एखादं लेकरू माईकसमोर येतं, दोन्ही हात मांड्यांना घट्ट चिकटलेले, आणि एका दमात सुटतं: ‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...’ स्वामी रामानंद तीर्थांचं नाव येतं, रझाकार येतात, १९४८ येतं. मग ‘निजामाच्या जुलमी’पाशी येऊन ते थांबतं. बाजूनं सर हळूच ‘राजवटीतून’ म्हणतात. लेकरू डोळे मिटतं, आवंढा गिळतं आणि म्हणतं, ‘सन्माननीय व्यासपीठ...’

मांडव हसतो. पण लेकरानं केलं ते स्मरणशक्तीच्या नियमाला धरूनच असतं.

सतरा साती किती, असं अचानक विचारलं तर निम्मी मोठी माणसंसुद्धा मनात ‘सतरा एके सतरा’पासून निघतात. क्रमानं घोकलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाची आठवण जागी करतो. अशा मजकुरात मधूनच शिरता येत नाही. शिरायच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या बहुतेक ओळीच्या किंवा परिच्छेदाच्या सुरुवातीला असतात. म्हणून सरांनी सुचवलेला एकच शब्द कित्येकदा वाया जातो. त्याऐवजी अडकलेल्या ओळीची पहिली दोन-तीन पदं सांगितली तर गाडी सुटायची शक्यता जास्त.

आता हेच भाषण घरी, चुलीपुढं बसलेल्या आजीला घडाघडा म्हणून दाखवलेलं असतं. मग मांडवातच काय होतं?

माणसं बघताहेत म्हटलं की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते, लाळ आटते, हात कापतात. कार्यक्रमाआधी अर्धी रांग ‘सर, एकीला जाऊ का?’ विचारत असते, तेही यातलंच. हा ताण इतका हमखास येतो, की तो प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण करायचा असेल तर शास्त्रज्ञ माणसाला भाषणच करायला लावतात. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली चाचणी अशीच आहे: चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढं आधी बोलायचं, मग तोंडी वजाबाकी करायची, आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजायचं. पुढं तिची मुलांसाठीही आवृत्ती निघाली. तीत अर्धवट गोष्ट पुरी करून सांगायची असते. (आपल्या स्पर्धांतले काही परीक्षक या चाचणीत विनातालीम चालतील.)

त्यात मनातली जागा मुळातच थोडी. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण चारच गोष्टी ध्यानात धरता येतात, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचा २००१ मधला निष्कर्ष आहे. सात वर्षांच्या लेकराला त्याहून कमी. तिथं माईक, गर्दी, सरपंच आणि उसवलेला खिसा घुसले की भाषणाला उरतं काय?

पण गर्दी नेहमी घातच करते असं नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडलं, की बघणारे असले म्हणजे अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं. १९६९ मध्ये त्यानं ते चक्क झुरळांवर तपासलं. बघ्या झुरळांसमोर सरळ वाटेवरची झुरळं जास्त वेगानं पळाली, वळणाच्या वाटेवर मात्र अडखळली. नंतर हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा वेग वाढण्याचा भाग तसाच्या तसा हाती लागला नाही. माणसांवरच्या अभ्यासांतही परिणाम लहानच दिसतो, पण दिशा तीच.

तेव्हा प्रश्न धीटपणाचा कमी आणि भाषण किती पक्कं आहे याचा जास्त. आणि माझ्या मते घोळ इथंच आहे. भाषण सरांनी किंवा ताईनं लिहिलेलं असतं, पुस्तकी मराठीत. ‘जुलमी राजवटीतून मुक्त करण्यासाठी प्राणांची आहुती’ हे तांड्यावर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या मुलीला नुसते आवाज म्हणूनच पाठ असतं. गावातल्या मराठी लेकराचंही फार वेगळं नसतं. अर्थाला धरून लक्षात ठेवलेलं जास्त टिकतं, हे क्रेक आणि लॉकहार्ट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२ च्या मांडणीपासून वारंवार दिसलं आहे. अर्थ कळला असेल तर एक शब्द निसटला तरी दुसरा घालून पुढं जाता येतं. नुसता आवाज पाठ असेल तर एका शब्दाबरोबर पुढचं सगळंच जातं.

म्हणून आधी लेकराला कागदाशिवाय, घरच्या बोलीत विचारावं: ‘रझाकार कोण होते? लोक काहून चिडले?’ ते जे सांगेल त्यावरूनच भाषण लिहावं. तालमीत रोज पहिल्यापासून म्हणून घेण्यापेक्षा मधूनच कुठूनही सुरू करायला लावावं, म्हणजे शिरायच्या जागा वाढतात. वाचून घोकण्यापेक्षा कागद मिटून आठवून बघणं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं. आरशासमोरची तालीम ठीक, पण आरसा खोकत नाही की हसत नाही. त्यापेक्षा चौथीच्या वर्गासमोर उभं करावं, पारावर करावं.

उतरल्यावर ‘इतकं पाठ करून घेतलं तरी?’ असं लगेच झापू नये. कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी टोकाला जातं, म्हणजे लेकरू खाली येऊन बसलेलं असतं तेव्हा. पुष्कळ रडणं माईकसमोर नव्हे, तिथंच होतं.

राहता राहिली भाषण स्पर्धेतल्या परीक्षकांची गुणपत्रिका. अनेक ठिकाणी तीत ‘पाठांतर’ असा वेगळा रकाना असतो. तो काढून त्याच गुणांत परीक्षकांनी भाषणानंतर एक साधा प्रश्न विचारावा, आणि लेकरू ज्या बोलीत उत्तर देईल त्या बोलीत ते ऐकून घ्यावं.